पिकअप बदलू की ॲम्प? वाचकांचे गिटारचे प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारवर या वेळी इतके प्रश्न आलेत की सगळे घेता येणार नाहीत, पण बहुतेकांचं दुखणं एकच आहे, पैसे थोडे आहेत आणि आवाज मनासारखा येत नाही, मग आधी काय घेऊ. सारखे प्रश्न एकत्र केलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्या बऱ्याच जणांचं उत्तरही त्यातच आहे.

प्रश्न: दादा, मी कॉलेजात आहे, दोन वर्षं वाजवतोय. स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) टाइपची स्वस्तातली गिटार आहे आणि तिच्यासोबत पॅकमध्ये आलेला १० वॉटचा छोटा ॲम्प. आवाज एकदम पातळ येतो आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावलं की नुसतं चरचरतं. थोडे पैसे साठलेत. बँडमधले सगळे म्हणतात पिकअप बदल. कुठले घेऊ?

उत्तर: पिकअप म्हणजे तारांखालचं, त्यांची थरथर पकडणारं चुंबक आणि कॉइल, त्याचे पैसे आत्ता तसेच ठेव. आधी एक फुकटातली टेस्ट कर. तुझी गिटार आणि तुझीच केबल घेऊन अशा कुणाकडे जा ज्याच्याकडे १२ इंची स्पीकरचा ॲम्प आहे, किंवा रिहर्सल रूममध्ये असेल तर तिथे, आणि डिस्टॉर्शन न लावता क्लीनवर दहा मिनिटं वाजव. तिथे आवाज भरलेला वाटला तर तुझ्या पिकअपचा काही दोष नाही, सगळं दुखणं त्या छोट्या ॲम्पात आहे. आणि माझा अंदाज तोच आहे. पॅकमधल्या ॲम्पला सहसा पाच-सहा इंचाचा स्पीकर असतो आणि तो बसवलेला असतो एवढ्याशा खोक्यात. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा उघडा सूर साधारण ८२ हर्ट्झचा असतो, एवढासा स्पीकर तिथपर्यंत नीट उतरतच नाही, मग राहतो तो फक्त वरचा वरचा आवाज. त्याच्यापुढे कितीही भारी पिकअप लाव, शेवटी हवा हलवणार तोच स्पीकर आणि आपल्या कानावर पडणार तोच.

पण ॲम्प घ्यायच्याही आधी गिटार नीट कर. तारा शेवटच्या कधी बदलल्यास ते आठव. आठवत नसेल तर आजच बदल, गंजलेल्या आणि मळलेल्या तारांचा वरचा चमकदार भाग मरून जातो आणि त्या सुरातही नीट बसत नाहीत. मग सेटअप. क्रम लक्षात ठेव, कारण उलटसुलट केलं तर तेच तेच परत करावं लागतं: नव्या तारा, मग नेकचा बाक, मग ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर येणं) आणि सगळ्यात शेवटी पिकअपची उंची. नेकचा बाक बघायला जाड तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) दाब आणि त्याच वेळी जिथे नेक बॉडीला जोडलाय तिथल्या फ्रेटवर दाब, मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण पाव मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) घट्ट करायचा, अजिबात नसेल तर सैल, आणि एका वेळी पाव फेऱ्याच्या वर जायचं नाही, परत सुरात लावून परत बघायचं, आणि रॉड फिरतच नसेल तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. ॲक्शन बाराव्या फ्रेटवर मोजतात, जाड तारेला २ मिलिमीटर आणि बारीक तारेला दीडच्या आसपास ही सुरुवातीला बरी जागा आहे, मग आपल्या हाताप्रमाणे थोडं खालीवर. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर बघ, दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं ते सॅडल (तार जिच्यावर टेकते तो छोटा तुकडा) नेकपासून लांब न्यायचं, उतरलेला असेल तर जवळ आणायचं. ट्रस रॉडची भीती वाटत असेल तर एकदा जाणकाराकडून सेटअप करून घे पण शेजारी बसून बघ, पुढच्या वेळी स्वतः करशील.

आता पिकअपची उंची, आणि हे मी मुद्दाम सावकाश सांगतोय कारण इतका फरक पडणारी दुसरी फुकटची गोष्ट गिटारवर नाही आणि कित्येक जण त्या स्क्रूंना वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ठेव आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या लोहचुंबकापर्यंतचं अंतर मोज. सिंगल कॉइलला (एकाच कॉइलचा पिकअप) जाड तारेखाली २ ते अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली थोडं कमी इथून सुरू कर. पिकअप खाली नेला की आवाज मऊ आणि मोकळा होतो, वर आणला की जोरकस होतो, पण फार वर आणलास तर चुंबक तारेलाच ओढायला लागतो, मग जाड तारेवर वरच्या फ्रेटांत सूर विचित्र डगमगतो, इंटोनेशन कितीही लावलं तरी बसत नाही आणि माणूस उगाच ब्रिजला दोष देत बसतो. नेकजवळचा पिकअप जरा खाली ठेव कारण तिथे तार जास्त हलते, ब्रिजजवळचा जरा वर, म्हणजे स्विच बदलल्यावर आवाजाची पातळी सारखी राहते. अर्धा फेरा फिरव, वाजव, ऐक, परत अर्धा फेरा. एक संध्याकाळ यात घाल.

चरचर होते त्याचं आणखी एक कारण म्हणजे गेन, आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब. गेन पूर्ण, बेस पूर्ण, मिड शून्य असं सेटिंग एकट्याने खोलीत वाजवताना छान वाटतं, आणि ड्रम सुरू झाले की गिटार गायब. गिटारचा खरा आवाज मिडमध्ये, म्हणजे मधल्या पट्टीत असतो. गेन अर्ध्यावर आण, मिड अर्ध्याच्या वर ने आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब कायम दहावर न ठेवता सातवर ठेवून बघ, लागेल तेव्हा वाढव.

एवढं सगळं करून मग ॲम्प घे. वॉट बघून घेऊ नकोस. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलनी वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, म्हणून १० वॉटवरून २० वर गेलास तर हाती फारसं काही लागत नाही. स्पीकरचा आकार आणि खोक्याचा आकार बघ. वापरलेला १२ इंची स्पीकरचा साधा ट्रान्झिस्टर ॲम्प किंवा मॉडेलिंग ॲम्प (डिजिटल रीतीने वेगवेगळ्या ॲम्पची नक्कल करणारा) मिळाला तर उत्तम. बॉसचा कटाना ५० सारख्या ॲम्पवर पॉवर अर्ध्या वॉटपर्यंत खाली आणता येते, घरात तेच लागतं. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचं मला प्रेम आहे तरीही कमी पैशात सुरुवातीला तो नको म्हणेन, व्हॉल्व्ह बदलायचा खर्च मागे लागतो आणि घरात तो जिथे छान वाजतो तिथपर्यंत आवाज नेताच येत नाही.

आणि पिकअप कधी बदलायचा? मोठ्या ॲम्पवरही नीट ऐकल्यावर, उंची लावल्यावर, तरीही "मला इथे सिंगल कॉइल नकोच, ब्रिजला हंबकर हवाय" असं नेमकं सांगता आलं तर (हंबकर म्हणजे दोन कॉइलींचा पिकअप). तेव्हा पॉट्सही (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) बघ, सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओमचे आणि हंबकरला ५०० चे लावतात, हंबकर २५० वर लावला तर आवाज थोडा दबतो आणि परत वाटतं की पिकअपच वाईट.

प्रश्न: माझं वय ४७. गाणं ऐकायची आवड पहिल्यापासून, वाजवलं कधीच नाही. आता मुलं मोठी झाली, इलेक्ट्रिक गिटार शिकायचं ठरवलंय. सगळे म्हणतात आधी अकूस्टिक शिका. आणि नवीन घेऊ की वापरलेली?

उत्तर: ताई, इलेक्ट्रिक वाजवायचीय तर इलेक्ट्रिकच घ्या. तारा बारीक, ॲक्शन खाली, बोटांना त्रास कमी. आधी अकूस्टिक हा काही नियम नाही, उलट जे ऐकायला आवडतं तेच वाजवायला मिळालं तर माणूस रोज हातात घेतो.

घेताना फिक्स ब्रिजची घ्या किंवा साध्या ट्रेमोलोची (दांडीने ब्रिज हलवून सूर डगमगवता येतो तो), फ्लॉइड रोज टाइपचा तरंगता लॉकिंग ब्रिज सुरुवातीला अजिबात नको, एक तार बदलायची म्हटली तरी सगळं गणित हलतं. पिकअप दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजला एक हंबकर अशी मांडणी असेल तर एकाच गिटारवर बरंच काही वाजवता येतं, यामाहाची पॅसिफिका ११२ तशीच आहे आणि स्क्वायर, आयबानेझ, कोर्ट यांच्याकडेही तशा मिळतात. तारा ९-४२ च्या लावा, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या ९ हजारांश जाडीची आणि सगळ्यात जाड ४२. हात लहान असेल तर एक गोष्ट बघा, फेंडर पद्धतीच्या गिटारींची स्केल लांबी साडेपंचवीस इंच असते आणि गिब्सन पद्धतीच्यांची पावणेपंचवीस, छोट्या स्केलवर तीच तार जरा सैल लागते आणि फ्रेटही किंचित जवळ येतात. पण वजनही बघा, लेस पॉल टाइपची गिटार खांद्याला जड जाते. बसून आणि उभं राहून, दोन्ही प्रकारे हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

वापरलेली घ्यायला माझी पूर्ण संमती आहे, तेवढ्याच पैशात एक पायरी वरची गिटार मिळते. सोबत जाणकार असेल तर छान, नसेल तर स्वतः एवढं करा. हेडकडून नेकच्या कडेने एक डोळा मिटून बघा, हलका बाक चालेल पण नेक पिळलेला असेल तर सोडून द्या. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना थोडा फिरतो का ते विकणाऱ्यालाच करून दाखवायला सांगा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा, हो प्रत्येक, वेळ लागला तरी चालेल, कुठे सूर मेलेला वाटतो का ऐका. बारीक तारांखाली फ्रेटांवर खोल चर पडलेत का बघा, नवे फ्रेट बसवायचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीला जाऊन भिडतो. मग ॲम्पला लावून सगळे नॉब आणि स्विच फिरवा. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बहुतेक वेळा जाते, आणि जॅक सैल असेल तर तेही छोटं काम आहे. किंमत कमी करून घ्यायला मात्र दोन्ही सांगा.

प्रश्न: फ्लॅटमध्ये राहतो, नोकरीवरून यायला रात्र होते. ॲम्प वाजवणं शक्यच नाही. ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडायचं खोकं) घेतला, हेडफोन लावला, पण डिस्टॉर्शनचा आवाज माशी भुणभुणल्यासारखा येतो आणि वाजवल्यानंतर किंचित उशिरा ऐकू येतो. इंटरफेस खराब आहे का?

उत्तर: इंटरफेस बहुधा चांगलाच आहे. भुणभुण येते कारण मधे स्पीकर नाहीये. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो आणि डिस्टॉर्शनमधला सगळा कर्कश भाग तिथेच वर असतो, हेडफोन मात्र तो इमानदारीत सगळाच्या सगळा ऐकवतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ॲम्पच्या नंतर कॅबिनेटचं सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरच्या खोक्याची नक्कल, जिला आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) म्हणतात ती लावलंच पाहिजे. पैसे घालायची गरज नाही, न्यूरल ॲम्प मॉडेलर हे फुकट आणि ओपन सोर्स आहे, त्यात ॲम्पचं मॉडेल आणि आयआर दोन्ही टाकता येतं, आणि ॲपलचा कॉम्प्युटर असेल तर गॅरेजबँडमध्ये ॲम्प आधीच आहेत.

इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंट किंवा हाय झेड असं बटण असेल ते चालू आहे ना बघा, नसेल तर गिटारचा आवाज मलूल होतो. आणि इनपुट इतकं वाढवू नका की जोरात वाजवल्यावर लाल दिवा लागेल.

उशीर म्हणजे लेटन्सी. बफर (कॉम्प्युटर एका वेळी गोळा करतो तेवढा आवाज) कमी करा, ४८ किलोहर्ट्झवर १२८ सँपलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास, त्यात बाकीचं येणंजाणं धरूनही एकूण दहाच्या आत राहिलं तर बोटांना जाणवत नाही. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, विंडोजचा साधा ड्रायव्हर तिथेच मार खातो. आणि ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर आधी तो काढा, त्याचा उशीर इतका मोठा असतो की बाकी काहीही करून उपयोग नाही, वायरचा हेडफोन घ्या. तुमच्या परिस्थितीत मी तर पुढचे पैसे चांगल्या हेडफोनवर घालीन, ॲम्पवर नाही. तुमचा स्पीकर तोच आहे.

प्रश्न: गिटार सुरात राहतच नाही. तीन गाणी झाली की परत लावा. ट्यूनिंगच्या खुंट्या बदलल्या, महागातल्या घेतल्या, तरी तेच.

उत्तर: खुंट्या क्वचितच गुन्हेगार असतात. सुरात लावताना नटपाशी (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) "टिंग" असा आवाज येतो का ऐका, येत असेल तर तार नटच्या खाचेत अडकतेय, ओढताना अडते आणि नंतर सुटते. खाचेत शिसपेन्सिलीचं ग्रॅफाइट घासा, फरक पडला तर रोग सापडला. तेवढ्याने भागलं नाही तर खाच किंचित रुंद करून घ्यावी लागते, आणि जाड तारा लावल्यात म्हणून हे सुरू झालं असेल तर तेच कारण, ९ च्या खाचेत १० ची तार अडकणारच. नव्या तारा लावल्यावर हाताने हलकं ओढून परत लावायच्या, असं चार-पाच वेळा, सूर उतरायचा थांबेपर्यंत. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे. आणि सूर नेहमी खालून वर चढवत आणायचा, वर गेला तर खाली जाऊन परत वर यायचं. नव्या खुंट्या वाया गेल्या असं समजू नका, लॉकिंगच्या असतील तर तारा बदलायला सोप्या जातात, त्यांचा खरा फायदा तोच.

प्रश्न: चार पेडलं (पायाने चालू-बंद करायची इफेक्टची खोकी) एकाच अडॅप्टरवर लावलीत, घूंऽऽ असा आवाज येतो. पेडल बदलू का?

उत्तर: आधी आवाज कुठून येतोय ते शोध. गिटार हातात धरून उभ्या उभ्या गोल फिर, फिरताना घरघर कमीजास्त झाली तर ती सिंगल कॉइल पिकअपची आहे, ते पिकअप आजूबाजूच्या विजेची घरघर पकडतातच, त्यासाठीच तर १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइलींचा हंबकर काढला. बऱ्याच नव्या स्ट्रॅटमध्ये स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ही घरघर जाते, ते करून बघ. फिरून काहीच बदललं नाही तर एकेक पेडल बॅटरीवर चालवून बघ. बॅटरीवर शांत झालं तर अडॅप्टर दोषी. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट, मधला भाग निगेटिव्ह असं लागतं, व्होल्ट तेवढेच हवेत आणि मिलिअँपियर सगळ्यांची बेरीज करून त्याहून जास्त. साधं ओव्हरड्राइव्ह थोडक्यात भागवतं, डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब शेकड्यात जाऊ शकतं, आणि ही दोन्ही एकाच साखळीत असली की डिजिटलची कुईकुई ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते. प्रत्येक आउटपुट आयसोलेटेड (बाकीच्यांपासून वेगळं) असलेली पॉवर सप्लाय घे, पाचव्या पेडलच्या आधी घे. आणि घरघर घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, त्यात जीव जाऊ शकतो.

प्रश्न: माझ्याकडे बॅटरीवरचा एवढासा ॲम्प आहे फक्त. त्यावर रेकॉर्डिंग केलं तर हसतील का लोक?

उत्तर: क्वीन बँडच्या जॉन डीकन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कचऱ्याच्या डब्यात सापडलेला एक सर्किट बोर्ड छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवून बॅटरीवर चालणारा ॲम्प केला, आणि ब्रायन मे यांनी वडिलांसोबत घरी बनवलेली आपली गिटार त्यात लावून बँडच्या रेकॉर्डिंगमधले कितीतरी थर वाजवले. माईक जवळ लावला की ऐकणाऱ्याला ॲम्पचा आकार दिसत नाही. बिनधास्त कर. माईक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे सरकवून बघ, मध्यावर आवाज टोकदार येतो आणि कडेला मऊ, आवडेल तिथे थांब.

प्रश्न: केबल महागडी घ्यावी का?

उत्तर: मजबूत घ्यावी, महागडी नाही. लांबी मात्र बघा. केबल जितकी लांब तितका वरचा आवाज कमी होतो, घरी तीन मीटर भरपूर झाली. जॅक उघडून सोल्डर बघता येणारा असेल तर बरं, तुटला तर घरी जोडता येतो.

प्रश्न: जुनी गिटार अपग्रेड करत राहू की विकून नवी घेऊ? नेक मला फार आवडतो.

उत्तर: नेक आवडतो म्हणताय तर ठेवा. पिकअप, पॉट, नट, खुंट्या, ब्रिज सगळं बदलता येतं, हाताला बसलेला नेक सहज मिळत नाही. नेक आवडत नसता तर एक स्क्रूही बदलू नका म्हटलं असतं, कारण विकताना घातलेल्या पार्टचे पैसे परत येत नाहीत, घेणारा गिटारची किंमत देतो, तुमच्या पिकअपची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन आठवडे वाजवा, दोन एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. काढलेले मूळ पार्ट स्क्रूसकट एका पिशवीत ठेवा, वर कुठल्या गिटारचे ते लिहा, आणि वायरिंग सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. उद्या विकायची वेळ आली तर मूळ पार्ट परत बसवून गिटार वेगळी विकायची आणि चांगले पार्ट वेगळे विकायचे, किंवा पुढच्या गिटारवर न्यायचे.